इन्चार्ज कसा तयार होतो

दर एप्रिलला आमच्या प्लांटमध्ये बढत्यांची यादी लागते. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकसाठी लागणारे भाग मशीनवर तयार होतात. यादीतली एक-दोन नावं अशी असतात की ती वाचताना सगळ्या लाइनला आनंद होतो. मशीनच्या सेटिंगमध्ये ज्याचा हात धरणारा कोणी नाही असा मुलगा शिफ्ट इन्चार्ज झालेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो त्याच मशीनसमोर उभा राहतो, फक्त टोपीचा रंग बदललेला असतो. कालपर्यंत जे काम त्याला डोळे झाकून जमायचं, ते आता त्याचं राहिलेलं नसतं. आता त्याला वीस-पंचवीस माणसांकडून काम करून घ्यायचं आहे. त्यात कायम कामगार आहेत, कॉन्ट्रॅक्टवरची मुलं आहेत, आयटीआयचे अप्रेंटिस आहेत, आणि त्याच्या वडिलांच्या वयाचे दोन काका आहेत.

हे काम त्याला शिकवलं कोणी, असं मी विचारते तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: शिकेल की हळूहळू. मला हे उत्तर पटत नाही. मी डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून शॉप फ्लोअरवर आले आणि आज प्लांटचं प्रॉडक्शन सांभाळते. मधल्या वर्षांत हळूहळू शिकलेले पुष्कळ पाहिले, आणि हळूहळू बिघडत गेलेलेही तितकेच पाहिले. त्यांच्या हुशारीत फारसा फरक नव्हता. पहिल्या वर्षात कोणीतरी जवळ उभं राहून त्यांचं काम बघितलं होतं की नाही, एवढ्यावर सगळं ठरलं.

नवीन इन्चार्जचे हात पहिले काही महिने शिवशिवतात. मशीनला अलार्म आला की तो धावत जातो, ऑपरेटरला बाजूला करतो आणि पाच मिनिटांत मशीन चालू करून देतो. प्रॉडक्शन वाचतं, मेंटेनन्सचा माणूस येण्याआधीच काम झालेलं असतं, आणि संध्याकाळी त्याचा साहेब त्याची पाठ थोपटतो. ही शाबासकी त्याला महागात पडते. त्या पाच मिनिटांत ऑपरेटर काहीच शिकला नाही, म्हणजे उद्या तोच अलार्म आला की पुन्हा इन्चार्जलाच हाक. लाइनच्या दुसऱ्या टोकाला दोन अप्रेंटिस काम संपवून बसून आहेत हे त्याला दिसलेलं नाही. अशा कौतुकावर वाढलेला माणूस दहा वर्षं इन्चार्जच्या टोपीतला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, राहतो.

मी त्याला एवढंच सांगते की हात मागे ठेव आणि ऑपरेटरला विचार. काय दिसतंय? काय दिसायला हवं होतं? आधी काय करून बघशील? तीन प्रश्न विचारायला वेळ लागतो, त्या दिवशी मशीन पंधरा मिनिटं जास्त थांबतं, आणि त्या पंधरा मिनिटांचा जाब माझ्याकडे मागितला जातो. तो मी देते. मॅनेजर घडवण्यासाठी प्लांटला खरा खर्च येतो तो इथे, आणि तो ट्रेनिंगच्या बजेटमध्ये कुठेच दिसत नाही.

आता शिफ्ट बदलतानाची गोष्ट सांगते, कारण माझ्या मते इन्चार्जची खरी शाळा तिथेच भरते.

आमची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. निगडी आणि कात्रजच्या बसेस गेटवर लागलेल्या असतात, त्यामुळे सव्वातीनपासूनच सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. मागच्या पावसाळ्यात एका नव्या इन्चार्जचं हँडओव्हर बघायला मी मुद्दाम लाइनवर थांबले होते. त्याने रजिस्टरमध्ये व्यवस्थित अक्षरात लिहिलं होतं: ‘सहा नंबर, बोअर खाली जातोय, ऑफसेट दिला.’ बोअर म्हणजे भागातलं भोक. ते कापणारा इन्सर्ट घासत गेला की भोक हळूहळू लहान येऊ लागतं, मग मशीनला तेवढी भरपाई, म्हणजे ऑफसेट, द्यावी लागते. म्हणजे त्याने केलं ते बरोबर होतं, आणि लिहिलेलंही खरं होतं. सेकंड शिफ्टच्या इन्चार्जने वाचलं, मान हलवली, मशीनपाशी गेला, शेजारच्या ट्रेमधला एक पीस उचलून भोक मोजायच्या एअर गेजवर लावला. आमचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वीस मायक्रॉनचा. पीस खालच्या मर्यादेच्या जेमतेम दोन मायक्रॉन वर होता. तो ऑपरेटरला म्हणाला, “अजून बारा दे.”

मी विचारलं, “हा पीस किती वाजताचा?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्या शिफ्टच्या मुलाने ट्रे बघितला आणि म्हणाला, “मॅडम, हा तीनच्या आधीचा. मी तीनला बारा मायक्रॉन दिलेत. त्यानंतरचे पीस पलीकडच्या ट्रेत आहेत.” पलीकडचा पीस लावला, तो खालच्या मर्यादेच्या चौदा मायक्रॉन वर होता, अगदी ठीक. त्यावर आणखी बारा दिले असते तर भोक वरच्या मर्यादेच्या सहा मायक्रॉन बाहेर गेलं असतं. लहान भोक पुन्हा मशीनवर घेऊन मोठं करता येतं. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही, तो पीस थेट भंगारात जातो.

पहिल्या शिफ्टच्या मुलाला मी तिथेच बाजूला घेतलं आणि विचारलं, “त्याच्या जागी तू असतास, तर हे कळायला तुला काय लागलं असतं?” तो विचार करून म्हणाला, “किती दिला, कधी दिला, आणि नंतरचा पीस हातात.” मी काही सांगायची गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने हँडओव्हर ऑफिसच्या टेबलावरून उचलून मशीनपाशी नेलं. शेवटचा पीस हातात, दोन्ही इन्चार्ज गेजसमोर, आणि आकडा दोघांनी मिळून वाचायचा. बस चुकेल म्हणून कुरकुर झाली. मग त्याने सहा नंबरपासून सुरुवात करून तीन वाजताच फेरी मारायला घेतली आणि तेही जमलं.

हेच मी एखाद्या वर्गात ‘परिणामकारक संवाद’ म्हणून स्लाइडवर दाखवलं असतं तर सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं. इथे त्याच्या हातात दोन पीस होते आणि त्यांच्यातला फरक त्याला स्वतःला वाचता आला.

बघणाऱ्याने काही पथ्यं पाळायला हवीत. मी एका वेळी एकाच गोष्टीवर बोलते. त्या हँडओव्हरमध्ये मला आणखीही खटकलं होतं. तो घाईत होता, एका मशीनचं नाव राहूनच गेलं, ऑपरेटरशी एक शब्दही बोलला नाही. तेव्हा त्यातलं काही मी काढलं नाही. सगळं एकदम सांगितलं की माणूस ऐकायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. आणि बोलायचं ते त्याच दिवशी, जमलं तर त्याच जागी. मार्चमधल्या अप्रेझलमध्ये ‘कम्युनिकेशन सुधारावं’ असं लिहून कोणाचं काही सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही.

पाच मिनिटांत काय शिकवणार, असं काही सहकारी म्हणतात. पण मॅनेजरचा दिवस असतोच तुकड्यातुकड्यांचा. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच कंपन्यांच्या प्रमुखांसोबत प्रत्येकी एक आठवडा राहून त्यांच्या कामाची नोंद ठेवली होती. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती आणि तासाभराच्या वर चालणारी कामं दहा टक्केच होती. कंपनीच्या प्रमुखाची ही स्थिती, तर चाकणच्या शिफ्ट इन्चार्जची काय असेल! काम असं तुकड्यांत होत असेल तर शिकणंही त्या तुकड्यांत बसायला हवं. तीन महिन्यांनी दोन दिवस सलग मोकळे मिळतील आणि तेव्हा शिकू, हे होत नाही.

सुपरवायझर तयार करायची मला आवडणारी सगळ्यात जुनी पद्धत दुसऱ्या महायुद्धातली आहे. १९४० मध्ये अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. कारखान्यांना अचानक प्रचंड माल काढायचा होता, कसबी माणसं सैन्यात चालली होती आणि त्यांच्या जागी ज्यांनी कधी मशीन पाहिलं नव्हतं अशी माणसं, त्यात मोठ्या संख्येने बायका, येत होत्या. त्यांना शिकवणार कोण? सुपरवायझर. मग सुपरवायझरला शिकवायला शिकवा. प्रत्येक कोर्स दहा तासांचा, दोन-दोन तासांची पाच सत्रं, आणि खिशात मावेल एवढं एक कार्ड. काम कसं शिकवायचं, काम कसं सुधारायचं आणि माणसांशी कसं वागायचं, असे तीन मुख्य कोर्स. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून जास्त लोकांनी ते प्रशिक्षण घेतलं. युद्धानंतर तीच पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ती इतकी मुरवली की आज आपण ती जपानी म्हणूनच ओळखतो.

काम शिकवायच्या कार्डावर चार पायऱ्या आहेत. आधी शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, मग काम करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर लक्ष ठेवत राहा. खाली एक ओळ आहे, तिचा अर्थ असा: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मी ती ओळ मराठीत लिहून आमच्या मीटिंग रूममध्ये लावली आहे, आणि ती इन्चार्जसाठी नसून आम्हा वरच्या लोकांसाठी आहे हे प्रत्येक नव्या मॅनेजरला सांगते. इन्चार्ज तयार होत नसेल तर ‘त्याच्यात मटेरियल नाही’ असं म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं की आपण चार पायऱ्यांतल्या कितव्या पायरीवर त्याला सोडून दिलं. बहुतेक वेळा उत्तर चौथी असतं. कधीकधी पहिलीही.

माणसांशी वागण्याच्या कार्डावरची एक सूचना मला फार मोलाची वाटते: ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार, तो त्याला आधी सांगा. ऐकायला साधी आहे. आमच्याकडे ती उपयोगी पडली जत्रेच्या सुट्टीत.

खेड, मावळ, जुन्नर, शिरूरकडची मुलं आमच्याकडे भरपूर. चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि एकाच आठवड्यात लाइनवरची सात-आठ माणसं सुट्टी मागतात. नवा इन्चार्ज यात हमखास अडकतो, कारण हीच मुलं त्याच्या गावची, त्याच्या बसमधली. तो ‘बघू’ म्हणतो, वेळ मारून नेतो, आणि जत्रेच्या आदल्या दिवशी नाही म्हणतो. मुलगा न सांगता जातो. मग गैरहजेरी, मेमो, युनियन, आणि महिनाभर कडवटपणा.

नाही म्हणणं ही सराव करायची गोष्ट आहे. आम्ही तसा सराव करतो, दार लावून, कोणी बघत नसताना. मी ऑपरेटरची भूमिका घेते.

“दादा, परवा जत्रा आहे, दोन दिवस पाहिजेत.”

“अरे, बघतो ना…”

“बघतो म्हणजे हो समजू का?”

इथे पहिल्यांदा सगळे गप्प होतात. पुन्हा करायचं. दुसऱ्यांदा तो कंपनीचा नियम पुढे करतो. मी म्हणते, “नियम मला माहिती आहे दादा, तुम्ही काय म्हणता ते सांगा.” पुन्हा करायचं. चौथ्या-पाचव्या वेळी त्याच्या तोंडून काहीतरी धड निघतं: “दोन दिवस नाही जमणार, मुख्य दिवशीचा एक देतो, पालखीला तू असशीलच. पण रविवारी तू यायचंस. चालेल का आत्ता सांग, म्हणजे मी तुझ्या जागी माणूस लावतो.” यात आवाज चढलेला नाही, खोटी आशा नाही, आणि समोरच्याला आज उत्तर मिळालेलं आहे. या सरावानंतर प्रत्यक्ष प्रसंग आला की मी दुरून बघते, आणि नंतर त्याच्याशी पाच मिनिटं बोलते.

यातूनच एका इन्चार्जला सुचलं की आपण मागणी यायची वाट कशाला बघायची. त्याने फेब्रुवारीतच लाइनवरच्या प्रत्येकाला गाव आणि जत्रेची तिथी विचारून एक तक्ता केला. कोणत्या आठवड्यात किती माणसं लागणार ते कळलं, मार्चमध्ये दुसऱ्या लाइनवरच्या काही जणांना त्याने त्या मशीन शिकवून ठेवल्या, आणि कोणाला कुठला दिवस मिळणार ते होळीच्या आसपास सांगून टाकलं. हे मी सांगितलं नव्हतं, कुठल्या कार्डावरही नव्हतं. हा मुलगा आता मॅनेजर होतोय, हे मला त्या तक्त्यावरून कळलं.

एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये नेहमी येणाऱ्या सत्तर-वीस-दहाच्या सूत्राबद्दलही बोलायला हवं. मॅनेजर सत्तर टक्के प्रत्यक्ष कामातून शिकतो, वीस टक्के माणसांकडून आणि दहा टक्के वर्गात, असं ते सूत्र. त्याचं मूळ १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’च्या संशोधकांनी केलेल्या कामात आहे. यशस्वी अधिकाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं की तुम्हाला घडवणारे प्रसंग कोणते, आणि त्यांच्या आठवणींची वर्गवारी केली. त्या आठवणी मोलाच्या आहेत, पण हे काट्यावर तोललेलं माप नाही. माझा आक्षेप ते वापरण्याच्या पद्धतीवर आहे. ‘सत्तर टक्के तर कामातच शिकतात’ असं म्हणून वर्ग बंद केले जातात आणि कामात शिकवायचीही कोणी जबाबदारी घेत नाही. आमच्या गावाकडे पोराला विहिरीत ढकलून पोहायला शिकवत, हे खरं. पण ढकलणारा काका काठावर उभा असे आणि पोर वर येईपर्यंत त्याची नजर पाण्यावरून हलत नसे. तो काका काढून घेतला तर उरतं ते नुसतं ढकलणं.

वर्गाला मी नावं ठेवत नाही. आमचं पुणं तर यासाठीच्या संस्थांचं शहर आहे. टाटांचं मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर मंगळदास रस्त्यावर १९६६ पासून आहे. बँकवाल्यांसाठी कोंढव्याला रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था, रस्ते वाहतूकवाल्यांसाठी भोसरीत सीआयआरटी, सरकारी अधिकाऱ्यांसाठी बाणेर रस्त्यावर यशदा. भोसरी-कुदळवाडीतल्या ज्या छोट्या उद्योजकाला स्वतःचं ट्रेनिंग सेंटर परवडत नाही, त्याला मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेचे कार्यक्रम आहेत. काही विषय वर्गातच शिकावेत. कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, त्यातला पहिला. इन्चार्जला रोज रिजेक्शनचा आकडा दिसतो, पण त्या एका पीसमध्ये कास्टिंगचे पैसे, वीज, टूल, त्यात अडकलेलं भांडवल किती, हे लाइनवर उभं राहून कळत नाही. शांत बसून, कागदावर, शिकवणारा जाणकार असेल तर एका दिवसात कळतं. आमच्या मुलांना ते शिकवल्यावर दोन प्रोसेसच्या मध्ये साठलेल्या ट्रेंकडे बघण्याची त्यांची नजरच बदलली.

फक्त वर्गातून परत आलेल्या माणसाला साहेबाने त्याच आठवड्यात विचारायला हवं की यातलं काय करून बघणार आहेस, आणि मी कधी बघायला येऊ. हा एक प्रश्न विचारला जात नाही म्हणून लाखो रुपयांची प्रशिक्षणं फाइलमधल्या सर्टिफिकेटपाशी थांबतात.

वरच्या पातळीवरची कथा थोडी वेगळी आहे. इन्चार्जचा डिपार्टमेंट हेड होताना त्याला स्वतःच्या भिंतीबाहेर काढावं लागतं. यासाठी मी पाहिलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ग्राहकाच्या लाइनवर काही महिने रेसिडेंट इंजिनिअर म्हणून बसवणं. आपला भाग तिथे बसत नाही, असेंब्ली थांबलेली, आणि समोरचा माणूस आपल्या कंपनीच्या नावाने बोलतोय, हे ऐकून घेऊन शांतपणे माहिती गोळा करणं तिथे अंगवळणी पडतं. तिथून परतलेला माणूस क्वालिटीवाल्यांशी पूर्वीसारखा भांडत नाही. क्वालिटीच्या माणसाला परचेसमध्ये पाठवलं तरी असंच होतं. पण ज्याच्यावाचून अडतं त्यालाच पाठवायचं असतं, त्यामुळे कोणी सोडायला तयार नसतो. म्हणून आमच्याकडे आता हेडच्या अप्रेझलमध्ये हे धरलं जातं की त्याच्या हाताखालचं कोण, त्याच्या गैरहजेरीत, त्याची खुर्ची सांभाळू शकतं. नाव नसेल तर आउटपुट कितीही असो, वरचा शेरा मिळत नाही. हा निर्णय पटवायला मला बरंच भांडावं लागलं.

माझ्यापुढे अजून न सुटलेला प्रश्न आहे तो थर्ड शिफ्टचा. रात्री बाराला आम्ही सगळे मोठे साहेब घरी असतो आणि सगळ्यात कठीण निर्णय तेव्हाच येतात: मेंटेनन्सला एकच माणूस, टूल रूम बंद, सकाळी गाडी लोड करायची. नेमका तिथेच नवा इन्चार्ज एकटा असतो. मधूनमधून मी किंवा मेंटेनन्सचे हेड बाराला येऊन दोनपर्यंत थांबतो, पण ते पुरेसं नाही. सध्या रात्रीच्या दोन लाइनच्या इन्चार्जनी एकमेकांचं काम बघायचं आणि सकाळी सातला मला दोघांनी मिळून सांगायचं, असं सुरू केलंय. सुरुवातीला ते फक्त एकमेकांची बाजू घ्यायचे. आता त्यातल्या एकाने, दुसऱ्याच्या समोर, “याने मशीन थांबवायला उशीर केला, मी असतो तर आधी थांबवलं असतं” असं सांगितलं, आणि दुसऱ्याने ते ऐकून घेऊन का उशीर झाला ते समजावलं. पुढच्या महिन्यात तिसऱ्या लाइनवर हेच सुरू करतोय. तिथे दोघांमध्ये वयाचं अंतर मोठं आहे, म्हणून धाकट्याला आधी बोलायला लावायचं ठरवलं आहे.